हाताला गुण

प्रिय टिटवे,

या नावाने आता तुला कोणी हाक मारत नसेल. मीही नऊ वर्षांत ते मोठ्याने उच्चारलेलं नाही. जन्मल्या जन्मल्या तू असा काही गळा काढलास की अख्खा वॉर्ड उठून बसला, आणि माझ्याच बरोबरीच्या सिस्टरने तुझं हे बारसं तिथेच उरकलं. कागद इथल्या खोलीतला आहे. जाड, खरखरीत, कडा मुद्दाम फाटल्यासारख्या ठेवलेल्या. इथे सगळंच असं आहे, साधं दिसावं म्हणून भरपूर मेहनत घेतलेलं. दुपारची विश्रांतीची वेळ आहे. मोठ्या बाई पलीकडच्या पलंगावर घोरताहेत. इथल्या नियमाप्रमाणे दुपारी झोपायचं नसतं, पण नियम सांगणाऱ्याचीच त्यांच्यापुढे बोबडी वळते.

तर तुझी आई सध्या एका श्रीमंती आयुर्वेदिक आरोग्यधामात राहते आहे. हस, हस. मलाही पहिल्या दिवशी हसूच येत होतं. आल्याबरोबर कोमट पाण्याने आमचे हात धुतले, मोबाईल कापडी पिशवीत घालून कपाटात ठेवले आणि घड्याळंही काढून घेतली. चौतीस वर्षं छातीवर उलटं घड्याळ टाचून फिरलेल्या बाईचं घड्याळ काढून घेतलं म्हणजे काय, विचार कर. दोन दिवस माझा हात सारखा छातीकडे जात होता. बाथरूम आपल्या बाहेरच्या खोलीएवढं आहे. पांघरुणं इतकी मऊ की पांघरल्यासारखं वाटतच नाही. सकाळी काढा, मग पुन्हा काढा, दुपारी ताटभर पांढऱ्या चिनीमातीत मधोमध मूठभर उकडलेल्या भाज्या. मोठ्या बाई म्हणतात, सिस्टर, यांनी आपल्याला बरं करायला आणलंय की वाळवायला?

मोठ्या बाई म्हणजे निवृत्तीनंतर मी ज्यांच्याकडे असते त्या. एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. तीन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा मला सहा आठवड्यांसाठी बोलावलं होतं. हाड जुळलं, मी तिथेच राहिले. त्या मला सिस्टर म्हणतात, माझ्यावर ओरडतात आणि मी जेवल्याशिवाय स्वतः जेवत नाहीत. नोकरी म्हणावी तर नोकरी, सोबत म्हणावी तर सोबत. संध्याकाळी घरी जाऊन कुलूप उघडायला नको वाटायचं, म्हणून मीही त्यांच्याच घरी मुक्काम हलवला. आपलं घर मी आठवड्यातून एकदा झाडून येते.

इथल्या वैद्यांनी नियमाप्रमाणे माझीही नाडी बघितली. तरणा माणूस आहे, पण डोळे मिटून तीन बोटं ठेवली की म्हाताऱ्यासारखा गंभीर होतो. मी सवयीने मनातल्या मनात ठोके मोजत होते. त्यांनी विचारलं, झोप कधीपासून नाही? मी म्हटलं, नाईट ड्युटीची सवय हो. ते म्हणाले, ड्युटी सुटून किती वर्षं झाली? मी म्हटलं, पाच. त्यांनी डोळे उघडले आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. त्यांच्या फॉर्मवर एक प्रश्न होता, घरी कोण कोण असतं? मी एक रेघ मारली. मग ती खोडून लिहिलं, एक मुलगी.

आता खरं सांगते. हे ठिकाण मोठ्या बाईंनी निवडलेलं नाही. त्यांच्या डॉक्टरांनी हवापालट सुचवला आणि सूनबाईंनी निरनिराळ्या ठिकाणांची सहा माहितीपत्रकं आणून टेबलावर ठेवली. सगळी सारखीच. तेच दगड, तीच कमळं, पाठमोरी बसलेली तीच बाई. त्या सहांत या ठिकाणाचं नाव दिसलं आणि मी ते दोनदा वाचलं. तू इथे काम करतेस हे मामाने दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. मामाला दोष देऊ नकोस. तुला दिलेला शब्द त्याने पाळला, पत्ता सांगितला नाही. नाव तेवढं त्याच्या तोंडून निसटलं, आणि त्याच्या तोंडून काय निसटतं ते मी लहानपणापासून टिपत आले आहे. मी ते माहितीपत्रक गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवलं. मोठ्या बाई कधी दुसरं पान उलटत नाहीत हे मला ठाऊक होतं. तुझ्या आईने आयुष्यात केलेली ही पहिली लबाडी. वठली मात्र झकास.

त्या दिवशी स्वयंपाकघरात मी काय बोलले ते तू विसरली नसशील. मीही नाही. बँकेतली टेबलखुर्चीची नोकरी सोडून तू मालिश शिकायला जाणार म्हणालीस. मी भाजी चिरत होते. मी म्हटलं, बेडपॅन उचलून उचलून मी तुला खुर्चीवर बसवलं, आणि तू उठून लोकांचे पाय चोळायला निघालीस? तू शांतपणे म्हणालीस, आई, तूही तेच करायचीस की. मी म्हटलं, मी पोटासाठी केलं, तू हौसेने करणार? एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण माझ्या जिभेला तेव्हा हाड नव्हतं. तेलाचे हात घेऊन या घरात पाऊल टाकायचं नाही, असं मी म्हणाले. तू विळीखालचे भाजीचे देठ गोळा केलेस, डब्यात टाकलेस, हात धुतलेस आणि गेलीस. पुढच्या वर्षभरात तुझे तीन फोन आले. तिन्ही वेळा तुझा आवाज ऐकून मी फोन ठेवला. चौथा येईल म्हणून वाट बघत बसले. मग माझीच बोटं वळवळायला लागली, तेव्हा तो नंबर दुसऱ्याच कुणाचा तरी झाला होता.

तेव्हा मला वाटायचं, मी तुझ्या भल्यासाठी भांडले. आता वाटतं, मला स्वतःच्या हातांची लाज वाटत होती, आणि ती मी तुझ्या अंगावर झटकली. लोक सिस्टर सिस्टर म्हणायचे, पण सोयरिकीच्या गोष्टी निघाल्या की नर्स शब्दापाशी अडखळायचे. तुझे बाबा गेल्यावर तर काय, रात्रपाळीची बाई. माझ्यावर थांबावं ते, तुझ्यापर्यंत पोचू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं ते भलतंच.

इथे आल्यावर पहिले तीन दिवस मी तुला शोधत होते. इथे सगळ्याजणी एकाच मातकट रंगाच्या कपड्यात, केसांचा अंबाडा, पायात काही नाही. पाठमोरी कोणी दिसली की ती वळेपर्यंत मी बघत राहायचे. व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या बाकावर मी मोठ्या बाईंना मुद्दाम बसवायचे, कारण तिथून दोन्ही बाजूंच्या खोल्यांची दारं दिसतात. त्या म्हणायच्या, इथे ऊन लागतंय गं. मी म्हणायचे, डी जीवनसत्त्व. रिसेप्शनवर विचारायचं कितीदा ठरवलं. पण विचारू काय? माझी मुलगी इथे आहे का? आणि त्यांनी उलटं विचारलं असतं, तुम्हाला माहीत नाही?

चौथ्या दिवशी मोठ्या बाईंना तेल लावायला आली ती तुमची बडबडी. तिला मी मनात रेडिओ म्हणते. तिची दोन मुलं, नवऱ्याचा दमा, सासूचा गुडघा, सगळं मला तोंडपाठ झालं आहे. मी टेबलावरची चादर पुन्हा ताणून नीट केली, तर ती हसून म्हणाली, अगदी आमच्या मेट्रनसारखं करता हो! मी विचारलं, कोण मेट्रन? ती म्हणाली, आहे आमच्यातली एक, चादरीला एक सुरकुती चालत नाही तिला, म्हणून सगळे तसं म्हणतात. एरवी या तळ्याकडच्या खोल्या तिच्याच असतात, पण या पंधरवड्यात स्वतःहून बागेकडची बाजू मागून घेतली. कारण विचारलं तर सांगत नाही.

कारण मला कळलं. येणाऱ्यांची यादी आधी येते, त्यात मोठ्या बाईंच्या नावाखाली माझं नाव होतं. तू ते वाचलंस आणि बाजू बदलून घेतलीस. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि उभी राहिले. मला राग आला नाही, खरंच. मेट्रन म्हणतात हे ऐकून तर वेड्यासारखं हसू फुटलं. मी चौतीस वर्षं नोकरी केली पण मेट्रन काही झाले नाही. बढतीच्या वेळी दर वेळेला माझी फाईल खाली जायची. तू मात्र झालीस. त्या रात्री ठरवलं की उरलेले दिवस निमूट काढायचे आणि जायचं. तुझी जागा, तुझं काम. मी तिथे येऊन पाठलाग केल्यासारखं करायचं नाही. बाकावर बसणंही सोडलं.

पुढचं सगळं मोठ्या बाईंमुळे झालं. सातव्या दिवसापासून त्यांचा शिरोधारेचा कोर्स होता, सात दिवसांचा. पहिल्याच दिवशी कपाळावर तेलाची धार सुरू झाली आणि त्या अर्ध्यातून उठून बसल्या. म्हणाल्या, हे काय, तळायला घेतलंय का मला? काही केल्या पुन्हा जाईनात. सूनबाईंना कळलं तर बोलणी बसतील ही धास्ती, म्हणून मला म्हणाल्या, सिस्टर, उरलेले सहा दिवस माझ्या जागी तू झोप, कुणाला काय कळतंय? मी नाही नाही म्हणत होते. तेव्हा त्या एकदम आवाज खाली आणून म्हणाल्या, तीन वर्षं तू मला अंघोळ घालतेस, कुशीवर वळवतेस, तुला कोण हात लावतं गं? गेल्या कित्येक वर्षांत माझ्या अंगाला माणसाचा हात लागला होता तो रक्त तपासायला किंवा बसमध्ये धक्का म्हणून.

आठव्या दिवशी सकाळी मी गेले. कडेने तेल वाहून जायला खाच असलेलं ते लाकडी टेबल, त्यावर आडवी झाले. रेडिओ म्हणाली, माझी जोडीदारीण अचानक रजेवर गेलीय, दुसरी येईल, ती बोलत नाही फार. मग तिने माझ्या डोळ्यांवर कापूस ठेवला आणि वरून पट्टी बांधली. ती बांधून झाल्यावरच दार उघडलं. अनवाणी पावलं आली. रेडिओ डोक्याशी बसून बडबडत होती, दुसरी पायांकडे गेली. रेडिओ मोठ्या बाईंचा हात उघडा करताना सरळ चादर बाजूला करायची, तेल घ्यायची, कामाला लागायची. दुसरीने तसं केलं नाही. तिने आधी चादरीवरूनच माझ्या नडगीवर सपाट तळवा ठेवला. ठेवला आणि थांबली. एक श्वास जाऊ दिला. मग चादर तेवढीच दुमडली, तेवढीच, बोटभरही जास्त नाही.

आजी अंथरुणाला खिळली तेव्हा तू तेराची होतीस. मी ड्युटीवर गेले की तिचं सगळं तूच करायचीस. तुला मी शिकवलं होतं, आधी पांघरुणावरून हात ठेवायचा, थांबायचं, माणसाला कळू द्यायचं की आपण आहोत, मगच उघडं करायचं. एक अंग उघडं तर बाकीची सगळी झाकलेली. हे कुठल्या पुस्तकात नाही. पहिल्या वर्षाला असताना एका म्हाताऱ्या पेशंटने माझा हात झिडकारला आणि रडायला लागला, त्याच्याकडून मी ते शिकले होते. ते मी एकाच माणसाला शिकवलं.

तो तळवा ठेवलास तेव्हाच मला कळलं होतं, टिटवे.

एक बोट हलवलं असतं तरी कापूस सरकला असता. मी नाही हलवलं. भीती वाटली. मी आई म्हणून बोलले तर तू जाशील, आणि पाहुणी म्हणून पडून राहिले तर निदान तासभर तरी तुझे हात माझ्यापाशी राहतील. मी तासाचा लोभ धरला. तू माझ्या टाचेच्या भेगांवरून अंगठा फिरवलास. उजव्या पोटरीतली गाठ शोधून काढलीस, उभं राहून राहून झालेली, आणि जोर न लावता तिथे थांबून राहिलीस, ती सुटेपर्यंत. किती चांगलं काम करतेस गं तू. मला कौतुक म्हणून सांगायचं नाही, एका कामकरी बाईने दुसरीला सांगावं तसं सांगते. वजन हातातून नाही, पायांतून आणतेस. घाई करत नाहीस. आणि माझे पाय तुझ्या हातात होते. तेच, लोकांचे पाय. शरमेने ते ओढून घ्यावेसे वाटले, आणि तू ते पुसून, टॉवेलात गुंडाळून असे ठेवलेस की जणू काचेचे आहेत.

पट्टी सोडली तेव्हा खोलीत फक्त रेडिओ होती. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी व्हरांड्यात मला तिची रजेवर गेलेली जोडीदारीण दिसली, टॉवेलांचा ढीग घेऊन, ठणठणीत. मी बघितलं, रेडिओने बघितलं की मी बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती गप्प बसली. म्हणजे तू मागून घेऊन आली होतीस. आधी बाजू बदलून घेतलीस आणि मग पुन्हा स्वतःच आलीस. का, ते मी विचारणार नाही. चौथ्या दिवशी कापसाखालून माझ्या डोळ्यांतलं पाणी कानाकडे गेलं. ते कुणाच्या तरी अंगठ्याने टिपलं. रेडिओचे हात तेव्हा धारेच्या भांड्यावर होते, भांडं डुचमळल्याचा आवाज मी ऐकला. अंगठा तुझा होता. मी श्वास रोखून पडले होते. वाटलं, आता हाक येईल. तूही थांबलेली होतीस, तुझा श्वास मला ऐकू येत होता. मग रेडिओ सासूच्या गुडघ्याबद्दल बोलायला लागली आणि आपण दोघी त्या गुडघ्याच्या आडोशाला गेलो.

त्या दिवसापासून मला झोप लागते आहे. वैद्यांना वाटतं, त्यांच्या तेलाचा प्रभाव. वाटू दे बापडे.

आम्ही उद्या सकाळी दहाला निघतो. मोठ्या बाईंना मी काही सांगितलेलं नाही, पण काल जेवताना त्या म्हणाल्या, सिस्टर, तुझ्या तोंडावर तुकतुकी आलीय, तेल कुणाच्या हातचं आहे? मी म्हटलं, आहे एक मुलगी. त्या म्हणाल्या, तिला घरी बोलव की कधी. त्यांना काय कळलंय आणि काय नाही, देव जाणे. घर अजून तेच आहे. कुलूप बदललेलं नाही. कसल्याही हातांनी ये. मी चुकले होते, हे एवढं सरळ लिहायला मला तीन कागद फाडावे लागले. ये असा हट्ट मात्र नाही. तुला वाटेल तेव्हा, नाही वाटलं तर नाही. हे पाकीट रेडिओकडे देणार आहे. ती ते फोडणार नाही, पण वजन नक्की करून बघेल.

आणि आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आज सकाळी शेवटचा दिवस होता. तू पाय पुसून झालीस, चादर टोकापर्यंत ओढलीस, आणि मला समजलं की आता तू जाणार. काहीतरी बोलायलाच हवं होतं. सहा दिवस तोंडात धरून ठेवलेलं सगळं एकदम पुढे आलं, आणि ऐन वेळी मी घाबरले. पट्टीखालून, एखाद्या परक्या बाईसारखी म्हणाले, तुमच्या हाताला गुण आहे हो. तुमच्या! तुझे हात चादरीवर जागच्या जागी थांबले. रेडिओ म्हणाली, सांगते हं मॅडम तिला. जणू तू खोलीत नव्हतीसच. मग दार वाजलं. नऊ वर्षांनी मी तुझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य ते, आणि त्यातही मी तुला अहो-जाहो करून उंबऱ्याबाहेर उभं केलं. सकाळपासून तो एक शब्द मला सलतो आहे. वाक्य खरं होतं, शब्द चुकला. तेवढा दुरुस्त करून पाठवते आहे. तुझ्या हाताला गुण आहे गं. तुझ्या.

तुझीच,
आई